एका थेंबात जंतू सापडेल का?

प्रश्न : मी प्रतापनगर, नागपूर येथे विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे पुरवते. गेल्या मे महिन्यात नात्यातील एका कार्यक्रमात खव्याची बर्फी खाल्ल्यावर तीन-चार तासांतच काही जणांना उलट्या सुरू झाल्या. उरलेल्या बर्फीचा तपासणी अहवाल आला तोवर मंडळी बरी होऊन कामालाही लागली होती. अन्नातील जंतू काही मिनिटांत ओळखणारे बायोसेन्सर निघाले आहेत, असे वाचनात आले. असे उपकरण मी घ्यावे का?

उत्तर : बायोसेन्सर ही वस्तू आपण पाहिलेली असणार. मधुमेहींच्या घरी असणारा ग्लुकोमीटर हा बायोसेन्सरच असून, त्याचे मूळ अमेरिकी शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या कल्पनेत आहे. पट्टीवरील एन्झाइमची रक्तातील ग्लुकोजशी क्रिया होते आणि तीतून निर्माण होणारा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजते. जंतूंसाठीच्या सेन्सरवर एन्झाइमच्या जागी ठरावीक जंतूलाच धरून ठेवणारी प्रतिपिंडे, डीएनएचे तुकडे किंवा जिवाणूंना ग्रासणारे विषाणू, म्हणजेच बॅक्टेरिओफाज, बसवलेले असतात.

मात्र रक्ताच्या कोणत्याही थेंबात ग्लुकोज असतेच. जंतूंचे तसे नाही. खव्याच्या २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला या अन्नातून आजार पसरवणाऱ्या जंतूचा एकही जिवाणू आढळता कामा नये, असा आपल्याकडील नियम आहे. प्रयोगशाळेत हा नमुना २२५ मिलिलिटर पोषक द्रावात कालवतात. समजा, त्यात एकच जिवाणू आहे आणि सेन्सरच्या पट्टीवर आपण ०.१ मिलिलिटरचा थेंब ठेवला, तर तो जिवाणू नेमका त्याच थेंबात येण्याची शक्यता साधारण अडीच हजारांत एक इतकीच उरते. शिवाय बहुतेक सेन्सरना दर मिलिलिटरमागे निदान शेकडो, कित्येकदा हजारो जिवाणू लागतात, आणि खव्यातील स्निग्धांश व प्रथिने पट्टीवर साचून तिची जाण बोथट करतात, ते वेगळेच. म्हणून तो द्राव सुमारे ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवून जंतू आधी वाढवावे लागतात. जाहिरातीतील ‘काही मिनिटे’ त्यानंतर सुरू होतात. तरीही फायदा लहान नाही, कारण पारंपरिक पद्धतीत यापुढे निवडक वाढ (हव्या त्याच जंतूला वाढू देणे), प्लेटवर त्याच्या वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे ठिपके, उगवणे आणि खातरजमा यांत आणखी तीन-चार दिवस जातात, तर सेन्सरमुळे प्राथमिक उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळू शकते. दूध डेअरीला किंवा मोठ्या मिठाई कारखान्याला त्याचे मोल आहे.

आपल्या प्रसंगात तर जंतूंचा सेन्सर कदाचित गप्पच बसला असता. उलट्या इतक्या लवकर सुरू झाल्या, यावरून संशय स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या विषावर जातो. हा जिवाणू माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि पिकलेल्या जखमेत असतो व वड्या थापणाऱ्या हातावरून मिठाईत उतरतो. पदार्थ पुन्हा तापवल्यास जिवाणू मरतो, पण त्याचे विष उष्णतेला दाद देत नाही. अशा वेळी जिवाणू मोजून उपयोग नाही, विषच ओळखावे लागते. तशी प्रतिपिंडे वापरणाऱ्या चाचण्या आहेत, पण त्या प्रयोगशाळेच्या कामाच्या. उलट डीएनए ओळखणारा सेन्सर मेलेल्या जिवाणूंवरही बोट ठेवतो आणि चांगले शिजलेले अन्नही दूषित ठरवू शकतो. बॅक्टेरिओफाजची वाढ जिवंत जिवाणूतच होते, म्हणून त्या वाढीवर आधारलेली चाचणी मला अधिक भरवशाची वाटते.

तेव्हा डब्यांच्या व्यवसायासाठी सेन्सर घेण्याची घाई आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी सळीचा साधा अन्न-थर्मामीटर घ्यावा. गरम वाढायचे अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड ठेवायचे ५ अंशांच्या खाली आहे का, हे तो तत्काळ सांगतो. उरलेला भात पातेल्यात झाकून न ठेवता परातीत पसरून लवकर निववावा व फ्रिजमध्ये ठेवावा, कारण भातातील बॅसिलस सेरियस या जिवाणूचे उलट्या घडवणारे विषही दुसऱ्या दिवशीच्या फोडणीने जात नाही. आणि ज्याच्या बोटाला चिरा किंवा फोड असेल, त्याला त्या दिवशी कणीक मळायला वा वड्या थापायला बसवू नये.