वडिलांचा छोटा कारखाना विकायचा आहे, किंमत कशी काढायची?

तुमची उलाढाल २ कोटींची आहे आणि घेणारा ‘उलाढालीच्या निम्मे देतो’ म्हणतोय, हे बरोबर का, असं विचारलंय. उलाढालीवर भाव लावणाऱ्याशी बोलणी पुढे नेऊच नका. २ कोटींवर ४० लाख सुटणारे कारखाने आहेत आणि ४ लाखही न सुटणारे आहेत. भाव नफ्यावर लागतो, आणि तो नफाही आधी खरा करून घ्यावा लागतो.

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप होतं. फाउंड्र्यांकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, यायचं, आम्ही पंपाच्या बॉड्या मशिनिंग करून द्यायचो. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विकायचं ठरवलं तेव्हा घसारा आणि व्याज धरायच्या आधी वर्षाला ३० लाख सुटत होते. घेणाऱ्याच्या सीएने त्यातून आधी ९ लाख कापले, कारण आबा पगार घेत नव्हते आणि त्यांच्या जागी मॅनेजर ठेवावा लागणार होता. मग ३ लाख आईचे. चलनं, बिलं, जीएसटी, कामगारांची हजेरी सगळं तीच बघायची, बिनपगारी. मग शेडचं भाडं ६ लाख. घरची गाडी कारखान्याच्या खर्चात होती, ते २ लाख नफ्यात परत धरले. उरले १४. त्याची साडेतीन पट, ४९ लाख, हा मशिनरीसकट धंद्याचा भाव. जागेचे पैसे वेगळे.

दादा आजही म्हणतो, आपल्याला फसवलं. त्याचा हिशेब असा: मशिनरीचे इतके, जागेचे इतके, आणि वर ३० लाखांची पाच पट. म्हणजे म्हैस विकताना म्हशीचे पैसे घ्यायचे आणि पुढच्या पाच वर्षांच्या दुधाचेही मागायचे. नफा त्याच मशिनींवर निघतो ना? आणि जागेचे वेगळे घ्यायचे असतील तर भाडं नफ्यातून जायलाच हवं. आईचे ३ लाख कापले याचा त्याला सगळ्यात जास्त राग. मला तर सीएच्या त्या हिशेबाच्या कागदाचा अभिमान वाटतो. इतक्या वर्षांत आईच्या कामाला कुणीतरी पहिल्यांदा आकडा लावला.

सीएने सुरुवातीला तीनच पट सांगितली होती. मग घेणाऱ्याचा इंजिनिअर शॉपवर आला. बोअर गेज, म्हणजे भोकाचं माप घ्यायचं साधन, लावून त्याने पाच-सहा बॉड्या तपासल्या आणि आमच्या सेटरची, म्हणजे मशीन कामाला लावून देणाऱ्या कारागिराची, वही मागितली. प्रत्येक ड्रॉइंग नंबरखाली फिक्स्चर (भाग पकडून ठेवायचा साचा) कुठलं, टूल कुठलं, स्पीड-फीड किती, शिवाय कुठल्या फाउंड्रीच्या कास्टिंगला नेमके कुठे ब्लो होल (हवेच्या पोकळ्या) निघतात, सगळं सेटरच्या अक्षरात. तो माणूस मशीनपाशी उभ्याउभ्याच अर्धा तास ती वही वाचत होता. साडेतीन पट त्यानंतर झाली. ‘वहीचे कसले आलेत पैसे’ म्हणणाऱ्या दादाला हे अजून पटत नाही. तुमच्याकडे अशी वही नसेल तर विकायच्या आधी ती लिहून घ्या.

पैसे अडकले ते गिऱ्हाइकामुळे. ७० टक्के काम एकाच पंप कंपनीचं, करार काही नाही, नुसत्या पीओ, म्हणजे एकेका कामाच्या खरेदी ऑर्डरी. म्हणून ४९ पैकी १० लाख वर्षभर अडकवून ठेवले, गिऱ्हाईक टिकलं तर द्यायच्या बोलीवर. ते मिळाले. जुन्या कामगारांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद नव्हती, ती सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार या हिशेबाने किमतीतून वळती झाली.

साडेतीन पट हा आमचा आकडा, तुमचा धंदा वेगळा असेल तर तो धरून बसू नका. एमआयडीसीची जागा मालकीची नसते, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. हस्तांतराला त्यांची परवानगी आणि शुल्क लागतं, ते कोण भरणार हे करारातच लिहा. येणी, पडून असलेला माल आणि बँकेची सीसी (खेळत्या भांडवलाचं कर्ज) कुणाकडे जाणार, तेही. अख्खा चालू कारखाना एकरकमी दिला तर आयकर एका पद्धतीने लागतो, मशिनी सुट्या विकल्या तर दुसऱ्या. चालू धंदा जसाच्या तसा दिला तर त्यावर जीएसटी लागत नाही. सही करण्याआधी तुमच्या सीएशी बसा, घेणाऱ्याच्या नव्हे.

आणि भावंडं असतील तर वजाबाकीचा हा कागद बोलणी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर ठेवा. ज्याला आकडा कमी वाटतो त्याने स्वतः येऊन कारखाना चालवायला घ्यावा, हे तेव्हाच तोंडावर विचारून घ्या.