सेंटेन्स करेक्शनमध्ये प्रोनाउन कायम जवळच्या नावाला लागतो हे खरं आहे का? आणि कॉमाच्या चुका कशा ओळखायच्या?

नाही, खरं नाही. असा कुठलाही नियम इंग्लिशमध्ये नाही. तुम्ही लिहिलंय की बँकेच्या परीक्षेची तयारी करताय आणि क्लासमध्ये 'प्रोनाउन जवळच्या नावाला लावायचा, श्वास घ्यायचा तिथे कॉमा द्यायचा' असं सांगितलंय. ते वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच दोन नियम मलाही शिकवले होते, इथेच नाशकात, अशोक स्तंभाजवळच्या एका क्लासमध्ये.

क्लासचं नाव घेत नाही. सर फेमस होते, हॉल गच्च भरायचा, निफाड, दिंडोरी, सिन्नरची पोरं सकाळची एसटी धरून यायची आणि सर बोलतील ते वहीत उतरवून घ्यायची. एकदा फळ्यावर वाक्य आलं, 'सुनीता टोल्ड कविता दॅट हर फॉर्म हॅड बीन रिजेक्टेड'. सर म्हणाले कविता जवळ आहे, म्हणजे फॉर्म कविताचा, नो एरर, पुढे चला. मी उभी राहिले. म्हटलं सर, फॉर्म सुनीताचाही असू शकतो की, ती स्वतःचंच सांगत असेल. सर म्हणाले, इंग्लिशमध्ये जवळचं नाव धरायचं, विषय संपला. मग मी म्हटलं, 'द वेटर पुट द मिसळ ऑन द टेबल अँड आय फिनिश्ड इट', यात जवळचं नाव टेबल आहे, मग मी टेबल संपवलं का? सगळा हॉल हसला आणि तिथेच बिघडलं. सरांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नव्हते, मला खरंच उत्तर हवं होतं. 'एवढं येतंय तर स्वतःचा क्लास काढ' म्हणाले आणि संध्याकाळी घरी फोन गेला. पप्पांनी माझं ऐकूनच घेतलं नाही. फी शिकायला भरलीये, सरांशी वाद घालायला नाही, एका शब्दाने आणि एका कॉमाने काय एवढं आभाळ कोसळतंय, असं बराच वेळ चाललं. सरांचं चुकत असेल हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं. मी मग त्या तासाला जाणंच सोडलं आणि सार्वजनिक वाचनालयात बसून मिळतील ती ग्रामरची पुस्तकं वाचली.

तर प्रोनाउन दिसला की फक्त जवळचं नाही, मागची सगळी नावं बघा. एकवचन-अनेकवचन, स्त्री-पुरुष जुळत नाही ती खोडा, अर्थाने बसत नाहीत ती पण खोडा. एक उरलं तर वाक्य ठीक. दोन उरली तर चूक. आणि एकही उरलं नाही तरी चूकच, जसं 'इन नाशिक दे ग्रो ग्रेप्स', यात दे म्हणजे कोण ते मागे कुठे आलेलंच नाही. मिसळवाल्या वाक्यात एकच उरतं, सुनीता-कवितामध्ये दोन उरतात, मराठीत आपण 'आपला फॉर्म' म्हणून सुटतो पण इंग्लिशच्या 'हर'मध्ये ती सोय नाही, म्हणून नाव परत लिहायचं. नाव परत लिहिणं वाईट दिसतं असं शाळेत डोक्यात भरवलेलं असतं, ते काढून टाका. मी आता बँकेत कर्जाच्या फाइली बघते, तिथे 'द बॉरोअर शाल इन्फॉर्म द गॅरंटर इफ हिज अ‍ॅड्रेस चेंजेस' असं कोणी लिहिलं तर पत्ता नक्की कोणाचा? म्हणूनच त्या कागदांमध्ये पानोपानी 'द बॉरोअर, द बॉरोअर' असतं.

आणि आन्सर की म्हणजे देवाचा शब्द नाही. अमेरिकेत शाळेतल्या मुलांची पीएसएटी नावाची परीक्षा असते, तिच्या ऑक्टोबर २००२ च्या पेपरमध्ये लेखिका टोनी मॉरिसनबद्दल 'टोनी मॉरिसन्स जीनियस' असं सुरू होणारं वाक्य होतं, पुढे 'हर', आणि कीमध्ये नो एरर. एका शिक्षकाने हरकत घेतली की 'मॉरिसन्स' पझेसिव्ह आहे, म्हणजे 'मॉरिसनची' असं विशेषणासारखं रूप, नुसतं नाव नाही, मग 'हर' लागणार कोणाला? २००३ मध्ये तो प्रश्न मार्कांतून काढून टाकला. मला स्वतःला ती हरकत जरा ताणलेली वाटते, कारण तिथे दुसरी बाई कोणी नाहीच. पण त्या माणसाचं ऐकून घेतलं गेलं.

श्वासाचा नियम तर याहून वाईट. लांब सब्जेक्ट म्हणून झाला की माणूस थांबतोच, म्हणून 'द क्लार्क हू सिट्स निअर द विंडो, इज ऑन लीव्ह' असं लिहिलं जातं आणि ते चूक आहे, सब्जेक्ट आणि त्याच्या व्हर्बमध्ये एकटा कॉमा येत नाही. दुसरी चूक 'द ब्रँच वॉज क्लोज्ड, वुई वेंट होम'. मराठीत हे चालून जातं, इंग्लिशमध्ये दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडता येत नाहीत, फुलस्टॉप द्या, सेमीकोलन द्या किंवा कॉमानंतर 'सो' घाला. 'हाउएव्हर'ने जोडलं तरी आधी सेमीकोलनच. आणि 'द ऑफिसर्स हू हॅड साइन्ड वेअर ट्रान्सफर्ड' म्हणजे ज्यांनी सही केली तेवढ्यांचीच बदली, पण 'हू हॅड साइन्ड'च्या दोन्ही बाजूंना कॉमा आले की सगळ्यांनीच सही केली होती आणि सगळ्यांचीच बदली झाली. श्वास घेऊन हे कसं कळणार?

एका कॉमाने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी, अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांची ओव्हरटाइमची केस झाली. ओव्हरटाइम कोणाला नाही याची कायद्यातली यादी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' अशी संपत होती, 'ऑर'च्या आधी कॉमा नव्हता, त्यामुळे डिस्ट्रिब्युशन हे वेगळं काम की पॅकिंगचाच भाग ते ठरेना, आणि ड्रायव्हर डिस्ट्रिब्युशन करायचे, पॅकिंग नाही. २०१७ मध्ये कोर्टाने ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. पप्पांना ही बातमी मी वाचून दाखवली. वाचून दाखवायचीच होती.

आता राहिलेलं. बँकेच्या बऱ्याच प्रीलिम्सला इंग्लिशचे ३० प्रश्न २० मिनिटांत असतात आणि चुकलं की पाव मार्क जातो, त्यामुळे प्रत्येक प्रोनाउनवर अडून बसू नका, आधी व्हर्ब आणि टेन्स तपासा, निव्वळ पंक्च्युएशनचे प्रश्न तिथे कमीच येतात. जीमॅटसाठी, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेसाठी, कोणी हे वाचत असेल तर नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या फोकस एडिशनपासून त्यात सेंटेन्स करेक्शन नाहीच, वेळ घालवू नका. आणि 'एव्हरीवन'च्या पुढे 'देअर' आलं तर जुन्या वळणाचे पेपर ते चूक धरतात, तिथे 'हिज ऑर हर' वाला ऑप्शन शोधा, बाकी मेलमध्ये वगैरे 'देअर' बिनधास्त लिहा.