कंपनी व्हिजिटला नेमकं काय बघू?

प्रश्न : ताई, मी पुण्यात एमएस्सी बायोटेकला आहे, आमच्या वर्गाला एक लस कंपनी आणि एक मेडिकल डिव्हाइस कंपनी दाखवणारेत, काय बघू?

उत्तर : अगं, नुसत्या मशिनी बघत फिरू नकोस, क्वालिटीवाल्यांना गाठ! लस भरतात त्या क्लीनरूमचा, म्हणजे अगदी स्वच्छ ठेवलेल्या खोलीचा, एअरलॉक (आत जायची दोन दारांची छोटी खोली) नीट बघ, दोन्ही दारं एकदम उघडतच नाहीत आणि आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात म्हणजे धूळ-जंतू आत शिरत नाहीत, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुस्तकातलं पान पक्कं बसतं. डिव्हाइसवाल्यांना त्यांच्या वस्तूचा क्लास, म्हणजे धोक्याची पायरी, विचार, २०१७च्या मेडिकल डिव्हाइस नियमांत ए (सगळ्यात कमी धोका) ते डी (सगळ्यात जास्त) असे चार आहेत, इंजेक्शनची सुई बी, हार्ट व्हॉल्व्ह डी, त्यावरच लायसन्सचं सगळं ठरतं. आणि सरांना म्हणा पाषाण रोडचं व्हेंचर सेंटरपण दाखवा, नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणारं केंद्र आहे ते, तिथले स्टार्टअपवाले मला जास्त महत्त्वाचे वाटतात.