पडदा गोठतो, गाणं चालूच राहतं

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबंटू आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दिवसातून एखाद्या वेळी पडदा अचानक गोठतो, तोही बहुतेकदा पीडीएफ वाचताना. लावलेलं गाणं मात्र चालूच असतं. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करावा लागतो. नंतर लॉगमध्ये काहीच सापडत नाही. उबंटू नव्याने टाकूनही फरक पडला नाही. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गाणं चालू राहतं, ही तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती आहे. म्हणजे कर्नल, अर्थात उबंटूचा गाभा, जिवंत आहे, अडलंय ते चित्र. पुढच्या वेळी कॅप्स लॉकही दाबून पाहा. दिवा लागला-विझला तर आणखी खात्री पटेल. तो आपोआप लुकलुकत राहिला तर मात्र कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलच कोलमडला, असं समजा.

लॉग रिकामा दिसतो, कारण नोंदी ठेवणारी सिस्टमडीची जर्नल सेवा साध्या नोंदी दर ५ मिनिटांनीच डिस्कवर पक्क्या करते. बटण दाबून वीज तोडली की नेमक्या शेवटच्या नोंदी जातात. म्हणून बटणाऐवजी ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन दाबून ठेवा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं) आणि थोड्या थोड्या अंतराने एस, यू, बी दाबा. एसने डेटा डिस्कवर उतरतो, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, बीने यंत्र पुन्हा सुरू होतं. उबंटूत मुळात एवढीच अक्षरं चालतात. सगळीकडे सांगितली जाणारी आर, ई, आय ही तिथे बंद असतात. मग टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ ही आज्ञा द्या. (आज्ञा इंग्रजी अक्षरांत व अंकांत टाइप कराव्यात.) मागच्या सत्रातल्या कर्नलच्या नोंदी दिसतील. ‘जीपीयू हँग’ (ग्राफिक्स चिप अडकली) किंवा ‘फिफो अंडररन’ (पडद्याला चित्राचा डेटा वेळेत पोचला नाही) शोधा.

ग्राफिक्स इंटेलचं, म्हणजे आय९१५ ड्रायव्हरचं असेल, तर माझा पहिला संशय पीएसआरवर, अर्थात पॅनेल सेल्फ रिफ्रेशवर आहे. चित्र स्थिर असलं की पॅनेल स्वतःच्या मेमरीतूनच ते दाखवत राहतं आणि प्रोसेसरकडून येणारा दुवा बॅटरी वाचवायला बंद होतो. तो पुन्हा नीट जागा झाला नाही की पडदा गोठतो. वाचतानाच हे घडतं ते बहुधा यामुळेच.

पडताळा सोपा आहे. सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबची (उबंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) यादी आणा, ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल एका सत्रापुरताच असतो, त्यामुळे निर्धास्त करा. लागला की नाही ते ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ने कळेल. चार-पाच दिवस असंच वापरा. गोठणं थांबलं तर हेच शब्द ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मधल्या ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे, अवतरणचिन्हांच्या आत टाका आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. बॅटरी थोडी कमी टिकेल, एवढंच. नाही थांबलं तर पीएसआरचे शब्द काढून ‘आय९१५.एनेबल_डीसी=०’ (डिस्प्लेची आणखी एक वीजबचत बंद करणारा पर्याय) करून पाहा. दोन्ही एकदम नको, नाहीतर गुण कशाने आला ते कळणारच नाही.

याच ओळीत टाकायचा ‘नोमोडसेट’ हा पर्याय कुणी सुचवला, तर तो कायमचा ठेवू नका. त्याने आय९१५ ड्रायव्हर चित्र हाताळतच नाही. बाहेरचा मॉनिटर आणि बऱ्याचदा उजेड कमी-जास्त करणंही जातं.

एवढं करूनही गोठत असेल तर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. तुमचं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, त्यामुळे रॅममधला दोषही ग्राफिक्सचा बिघाड असल्यासारखा दिसतो. एक जरी चूक निघाली तरी ड्रायव्हरचा नाद सोडा आणि रॅम बदला.

प्रश्न : दोन ग्राफिक्स असलेला लॅपटॉप मधूनच अडकतो. लॉगमध्ये ‘एक्सआयडी ७९’ येतं.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : एनव्हिडियाचं कार्ड पीसीआय बसवर, म्हणजे प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गावर, उत्तर देईनासं झालं, असा त्याचा अर्थ. आधी ‘सुडो प्राइम-सिलेक्ट इंटेल’ देऊन यंत्र पुन्हा सुरू करा, म्हणजे ते कार्ड वापरलं जाणार नाही, आणि काही दिवस तसंच चालवा. अडकणं थांबलं तर संशय कार्डावर. मग कार्ड परत चालू करून ‘एनव्हिडिया-एसएमआय’ने तापमान पाहा. खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर होताना ते चढत जाऊन अडकत असेल, तर पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदला. काम नसताना अडकत असेल, तर ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मधल्या फाइलमध्ये ‘ऑप्शन्स एनव्हिडिया एनव्हीरेग_डायनॅमिकपॉवरमॅनेजमेंट=०एक्स००’ ही ओळ घाला, म्हणजे कार्ड झोपी जाणार नाही.