रेट सिंड्रोम : उंदीर बरे झाले, मग मुली का नाहीत?

आपल्या चार वर्षांच्या मुलीला रेट सिंड्रोम, म्हणजे मुख्यतः मुलींना होणारा मेंदूच्या वाढीचा जनुकीय आजार, असल्याचे निदान झाले आहे, आणि या आजाराचे उंदीर २००७ मध्येच बरे झाले असतील तर मुलींसाठी उपचार अजून का नाही, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे अशा उंदरांवर काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एमईसीपी-२ या जनुकातील बिघाडामुळे हा आजार होतो, हे १९९९ मध्ये अमेरिकेतील संशोधिका हुदा झोग्बी यांच्या गटाने दाखवले. दोन वर्षांनी एडिनबरोत एड्रियन बर्ड यांच्या गटाने हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. निरोगी उंदराला शेपटीने अलगद उचलले की तो मागचे पाय फाकवतो. हा उंदीर मात्र ते पोटाशी आवळून धरतो. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला या आजारातील मुलींचे सतत एकमेकांत गुंतलेले हात आठवले. चाल, कंप, श्वासाची लय यांनाही दर आठवड्याला शून्य ते दोन असे गुण देत आम्ही आजाराची नोंद ठेवत असू.

२००७ च्या प्रयोगातील उंदरांचे जनुक मोडलेले नव्हते. त्यात एक अडसर बसवलेला होता, आणि टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावर तो कापून काढणारे एन्झाइमही त्याच उंदरांत जन्माआधीच घातलेले होते. अडसर निघाल्यावर आजारी प्रौढ उंदीरही सुधारले. या आजारात चेतापेशी मरत नाहीत, उशिरा का होईना त्या सावरू शकतात, हे त्यातून कळले आणि ते फार मोलाचे आहे. परंतु आपल्या मुलीच्या पेशींत असा काढता येणारा अडसर नाही; तिच्या जनुकातच चूक आहे.

दुसरी अडचण मात्रेची आहे. बरेचसे प्रयोग नर उंदरांवर होतात, कारण त्यांच्यात लक्षणे लवकर व ठळक दिसतात. पण हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि नरांत ते गुणसूत्र एकच असल्याने कोणत्याही पेशीत या जनुकाचे प्रथिन नसते. मुलींत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक पेशी त्यांतले एकच वापरते, म्हणून त्यांच्या मेंदूत साधारण निम्म्या पेशी निरोगी जनुक वापरतात. बाहेरून आणलेले जनुक त्याही पेशींत शिरले तर प्रथिन प्रमाणाबाहेर वाढते, आणि या जनुकाची जादा प्रत हा स्वतंत्र, गंभीर आजार आहे. म्हणून नर उंदरांत यशस्वी ठरलेली मात्रा माद्यांत तपासली आहे का, हे मी नेहमी आधी पाहतो.

तरीही हे काम पिंजऱ्यातच राहिले, असे नाही. २००९ मध्ये एमआयटीतील मृगांक सूर आणि सहकाऱ्यांनी आयजीएफ-१ या प्रथिनाचा छोटा तुकडा देऊन उंदरांची लक्षणे काही अंशी कमी केली. त्याच तुकड्याशी साधर्म्य असलेल्या ट्रोफिनेटाइड या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने काही लक्षणे कमी होतात, मूळ जनुक दुरुस्त होत नाही. जुलाबाचा त्रासही बऱ्याच जणींना होतो. जनुक-उपचाराच्या मानवी चाचण्याही २०२३ मध्येच सुरू झाल्या. पुढच्या वर्षी एका चाचणीत सर्वाधिक मात्रा घेतलेल्या एका रुग्णाचा प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रियेने मृत्यू झाला आणि ती मात्रा थांबवण्यात आली.

मुलीच्या जनुकीय तपासणीचा मूळ अहवाल मात्र जपून ठेवावा. जनुकात नेमका कोणता बदल आहे हे त्यात लिहिलेले असते, आणि अशा चाचण्यांविषयी चौकशी करताना बहुधा तेच आधी विचारतात.