लाल मातीत मशीन सगळीकडे का वाजतं : अंगठी हरवलेल्या दादांना उत्तर

रोप लावणीत वहिनींची अंगठी पडली, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडच्या त्या शेतात ऑनलाइन मागवलेलं मेटल डिटेक्टर पावलापावलाला वाजतंय, आणि आता एखाद्या सरकारी ऑफिसातून ‘मोठं मशीन’ मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या आजीची बोरमाळ अशीच भाताच्या वाफ्यात गेली होती, म्हणून जरा लांब लिहितो. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही, जे कळलं ते धडपडून कळलं.

मशीन बिघडलेलं नसावं. वाजतेय ती माती. खानापूर भागातल्या जांभ्याच्या मातीत लोहाची संयुगं भरपूर, त्यातली काही चुंबकीय. मशीनची एक कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यानं धातूत प्रवाह फिरायला लागतो आणि त्या प्रवाहाचं उलटं क्षेत्र दुसरी कॉइल पकडते. माती जवळपास त्याच क्षणी उत्तर देते, सोनं किंचित मागाहून. तेवढ्या फरकावर दोन्ही वेगळी काढायची असतात, त्यालाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात. स्वस्त मशीनला ते नसतंच, नाहीतर कारखान्यातून एकदाच ठरवून येतं, आणि आपल्या लाल मातीपुढे ते पुरत नाही.

आता ऑफिसचं. आजीच्या बोरमाळेसाठी आम्हीही एका ऑफिसात गेलो होतो, नाव घालत नाही. जमिनीत गाडले गेलेले व्हॉल्व्ह शोधायला त्यांच्याकडे यंत्र होतं. तासाभरासाठी माणूस पाठवा, काय असतील ते पैसे भरतो, म्हटलं. आधी अर्ज द्या. मराठीतला चालत नाही, कन्नडमध्ये आणा. आणला, तर सोन्याचा विषय आहे म्हणून पोलिसांचा कागद जोडा. तोही जोडला, तर साहेब मीटिंगला, ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. या उद्या-उद्यात सुगी सरली, मळणी झाली. शेत वाट्यानं दिलेलं. वाटेकऱ्याला किती दिवस थांबवणार? त्यानं ट्रॅक्टर घातला. आणि एवढं होऊन यंत्र आलं ते कसलं, तर फक्त लोखंड ओळखणारं लोकेटर! लोखंडामुळे आजूबाजूच्या चुंबकीय क्षेत्रात जो फरक पडतो, तेवढाच ते मोजतं. सोनं, चांदी, तांबं त्याच्या खिजगणतीत नाही. पहिल्याच दिवशी टेबलावरच्या माणसानं हे एक वाक्य सांगितलं असतं तर? पण यंत्र काय करतं हे तिथं कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं. अर्जाची पोच मात्र तिन्ही प्रतींवर शिक्क्यासकट.

बोरमाळेचे मणी म्हणजे लाखेवर सोन्याचा पातळ पत्रा. नांगरटीत दोरा तुटला, मणी पांगले, काही फुटले. सुटा मणी पकडणं चांगल्या मशीनलाही जड जातं. नंतर भाड्याच्या मशीननं थोडे मिळाले, बाकीचे त्या शेतातच आहेत.

तुमचं नशीब त्या मानानं बरं. अंगठी हे बंद कडं, त्यात प्रवाह नीट फिरतो, म्हणून सिग्नल खणखणीत येतो. बारीक साखळी असती तर मी एवढा धीर दिला नसता. फक्त कापणी होईपर्यंत थांबा, कारण उभ्या भातात कॉइल जमिनीलगत फिरवता येत नाही. जागा आठवतेय तोवर चार खुंट ठोकून ठेवा, आणि काहीही करून त्या तुकड्यात नांगर जाऊ देऊ नका. चिखलणीत सोनं मऊ थर सोडून खालच्या घट्ट थरावर बसतं असा माझा अंदाज आहे, पण साधारण वीतभर खोलीत असेल तर मिळायला हरकत नाही.

मशीन घ्या किंवा भाड्यानं आणा, हातानं ग्राउंड बॅलन्स करता येणारंच. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवा. सगळे वाढवतात, मग माती आणखीच बोंबलते. मशीनला लोखंड तेवढं वगळायला सांगा, बाकी कुठलाही धातू वगळू नका. लहान अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी यांचा मशीनवर दिसणारा आकडा बरेचदा एकच येतो, त्यामुळे कचरा उकरावा लागणार. मोबाइल घरी ठेवा, आयपी सेट (शेताचा पाण्याचा पंप) बंद करा, खुरपं लांब. १८८१ मध्ये ग्रॅहम बेल अमेरिकेच्या अध्यक्ष गारफिल्डच्या अंगातली गोळी असंच यंत्र लावून शोधत होता, आणि त्याला नडल्या त्या गादीतल्या लोखंडी स्प्रिंगा.

बेळगावच्या सुवर्णसौधच्या (विधानभवनाच्या) दारात पोलीस अंगावरून फिरवतात तसली दांडी कुणी देऊ केली तर नको म्हणा. ती अंगालगतच्या चाकू-पिस्तुलासाठी, मातीसाठी नव्हे. काजू कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर असतं ते यंत्र आणखी वेगळं.

एक सावधगिरी. उकरताना जुनी नाणी किंवा भांडं लागलं तर घरी नेऊ नका. कर्नाटकात त्यासाठी १९६२ चा गुप्तधनाचा कायदा आहे, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला कळवावं लागतं. नेमकं काय करायचं ते वकिलाला विचारा. आणि जुन्या देवळाच्या किंवा किल्ल्याच्या आवारात मशीन घेऊन जाऊच नका, मग अंगठी तिथं पडलेली का असेना.

तुमच्या मशीनचं मॉडेल लिहा. त्यावर ‘जीबी’ (ग्राउंड बॅलन्स) असं बटण किंवा फिरवायची चकती असेल, तर नवीन घेण्याआधी तेच कसं लावायचं ते सांगतो.