लाल नि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातल्या बियांतून गुलाबी फुलं कशी आली? एक गुण दुसऱ्याला झाकतो, असं वाटाण्यांवर दाखवणारा मेंडेल चुकला का?

नाही. इथे लाल रंगाचं जनुक पांढऱ्याला पूर्ण झाकत नाही, म्हणून पहिली पिढी गुलाबी. तिच्याच बिया पेरा: साधारण 1 लाल, 2 गुलाबी, 1 पांढरं.

खरी गंमत पानांत आहे. आमच्या वेंगुर्ल्याच्या अंगणात एका गुलबक्षीच्या पानांवर पांढरे पट्टे आहेत; काही फांद्या पूर्ण हिरव्या, काही पूर्ण पांढऱ्या. हिरव्या फांदीवरची मिरीसारखी काळी बी हिरवंच रोप देते, पराग कुठल्याही फांदीचा असो. पांढऱ्या फांदीच्या बीचं रोप उगवतं, पण हरितद्रव्याविना मरतं. कारण हरितलवकं, म्हणजे पेशीतले हरितद्रव्य असलेले सूक्ष्म कण, आईकडूनच येतात! जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉरेन्सने हे 1909 मध्ये याच झाडावर दाखवलं. संध्याकाळी फुलं उमलली की फांद्या जरूर निरखून बघा.